पदवी हातात आहे, आता नर्सिंगला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्यांना मे-जूनमध्ये प्रवेशाचे फोन येतात, ते सगळेच बारावीच्या मुलांचे नसतात. बी.कॉम. करून कॉल सेंटरला कंटाळलेली मुलगी असते, बी.ई. होऊन घरी बसलेला मुलगा असतो, लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा शिकायला निघालेली बी.ए. झालेली ताई असते. प्रश्न बहुतेक तेच असतात. इथली उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. बाहेरदेशाचा विषय शेवटाकडे आहे.

पदवीधरांसाठी कमी मुदतीचा नर्सिंग कोर्स आहे का?

नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्यांना बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारे कोर्स आहेत, ऑस्ट्रेलियात दोन वर्षांचे आहेत. इंटरनेटवर त्यांची माहिती वाचून लोक इथे चौकशी करतात. आपल्याकडे नर्सिंगचं दार बारावीच्या मार्कशीटवर उघडतं. तुमचं बी.कॉम. फर्स्ट क्लास असो वा एम.बी.ए. झालेलं असो, प्रवेशाच्या खिडकीवर तुम्ही बारावी पास उमेदवार. दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, काही विषयांत सूट, असलं काही नाही.

एका नावाने मात्र बरेच जण फसतात. ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ दोन वर्षांचं असतं, म्हणून ते पदवीधरांसाठी असावं असं वाटतं. ते जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा डिप्लोमा करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झालेल्या नर्सेससाठी आहे. एम.एस्सी. नर्सिंगचंही तसंच: आधी नर्सिंगची पदवी, नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो.

मग कोणता कोर्स मला मिळू शकतो?

आधी बारावीची मार्कशीट काढून समोर ठेवा, उत्तर तिच्यातच आहे.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल आणि पहिल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के असतील, तर बी.एस्सी. नर्सिंग. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. कोर्स चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा. विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, आणि प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेवर. त्या परीक्षेत अकरावी-बारावीचं विज्ञान येतं. बारावी होऊन सात-आठ वर्षं झालेल्यांना खरी धाप इथे लागते. मायटोकॉन्ड्रिया आठवतो, बाकी कोरं.

बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झाली असेल, तर जी.एन.एम. हा डिप्लोमा तीन वर्षांचा आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. ‘मी ग्रॅज्युएट, आता डिप्लोमा कशाला करू’ असं म्हणून हा रस्ता सोडू नका. जी.एन.एम. झालेली नर्स आणि बी.एस्सी. झालेली नर्स दोघींची नोंदणी होते, वॉर्डात दोघी शेजारी शेजारी काम करतात, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवीही घेता येते.

तिसरा ए.एन.एम. (ऑक्झिलिअरी नर्स-मिडवाइफ), दोन वर्षांचा आणि फक्त महिलांसाठी. हा मुख्यतः उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामासाठी आहे: लसीकरण, गरोदर मातांची नोंद, गावभेटी. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, मोठ्या शहरात जाणं शक्य नसलेल्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका भरतीकडे डोळा असलेल्या बाईसाठी तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करायचं मनात असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

जी.एन.एम. आणि ए.एन.एम.ची प्रवेशपद्धत अलीकडे बदलत आली आहे, त्यामुळे मागच्या वर्षी शेजारणीच्या मुलीने काय केलं यावर न जाता त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

बारावी सायन्स होती, पण बायोलॉजीच्या जागी दुसरा विषय होता. आता काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावीचा एखादा विषय वेगळा देता येतो, प्रात्यक्षिकासह. पण तो विषय जोडून आपण बी.एस्सी. नर्सिंगला पात्र ठरतो का, हे फी भरण्याआधी सीईटी कक्षाकडून लेखी विचारून घ्या. ‘होऊन जाईल’ हे कॉलेजच्या प्रवेश-काउंटरवरचं उत्तर मोजू नका. इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच मुलांसाठी एक वर्ष जीवशास्त्रात घालवण्यापेक्षा सरळ जी.एन.एम. धरणं सोपं पडतं.

माझं वय २८ आहे. उशीर झाला का?

शिकायला नाही. बी.एस्सी. आणि जी.एन.एम. दोन्हींसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. वर्गात तुमच्या शेजारी अठरा वर्षांची मुलगी बसेल आणि पहिले दोन महिने तुम्हाला मॅडम म्हणेल, एवढंच.

वयाची खरी कात्री नोकरीत लागते, आणि ती आकडेमोड प्रवेशाआधीच करायला हवी. एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती ‘नॉरसेट’ नावाच्या परीक्षेतून होते. तिथे खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३० आहे. ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. बी.एस्सी. झालेल्यांना लगेच अर्ज करता येतो, जी.एन.एम. झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता हिशेब मांडा. पंचविसाव्या वर्षी बी.एस्सी.ला बसलात तर एकोणतिसाव्या वर्षी बाहेर पडाल, हातात जेमतेम एखादी संधी. पंचविसाव्या वर्षी जी.एन.एम.ला बसलात तर तीन अधिक दोन, तिशी आलीच. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने एम्सचं स्वप्न बाजूला ठेवूनच निघावं.

राज्य सरकारची भरती जास्त उदार आहे: सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय यांतली अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, जागा तिशीत कोर्स संपवणाऱ्यांच्याही आवाक्यात राहते. पण भरती दर वर्षी निघत नाही. दोन जाहिरातींमध्ये बरीच वर्षं जाऊ शकतात, आणि त्या काळात वय काही थांबत नाही. खाजगी रुग्णालयांना वयाशी फारसं देणंघेणं नसतं. तिथे नोंदणी क्रमांक आणि अनुभव बघतात.

आमच्या गावात एक वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ आहे, तो करू का?

तो केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होणार का, एवढा एकच प्रश्न विचारा. होणार नसेल तर तुम्ही नर्स होणार नाही, असिस्टंट म्हणून राबाल. रुग्णसेवा साहाय्यकाचं काम कमी दर्जाचं मुळीच नाही, पण ते शिकायला नर्सिंगच्या नावाची फी का भरायची? संस्थेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोघांच्या चालू वर्षाच्या यादीत स्वतः तपासा. भिंतीवर लावलेलं जुनं पत्र चालणार नाही. कर्नाटकात किंवा इतर राज्यात स्वस्त जागा मिळवून देणाऱ्या एजंटांबाबतही हेच, आणि त्यांच्याबाबत दुप्पट सावधपणे: वर्ग न भरवता परीक्षा देववणारी कॉलेजं त्यांच्याच यादीत सापडतात.

नोकरी करत करत किंवा पत्राद्वारे करता येईल?

नाही. आठवड्याला साधारण चाळीस तास वर्ग आणि वॉर्ड मिळून जातात. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या कामाला, शंभर टक्के. बुडलेला प्रत्येक तास भरून द्यावा लागतो. ऑनलाइन क्लास घेऊन, शनिवार-रविवारी शिकवण्या घेऊन खर्च काढणारे विद्यार्थी आहेत. पूर्ण वेळ नोकरी शक्य नाही.

फी, शिष्यवृत्ती, कर्ज?

सरकारी कॉलेजात फी थोडी आणि जागाही थोड्या. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. ठरलेल्या फीच्या वर ‘युनिफॉर्म, हॉस्टेल, मेस, क्लिनिकल चार्जेस’ असे चार कप्पे उघडतात, त्यांची एकूण बेरीज पावतीसह मागा. काही ठिकाणी हॉस्टेल सक्तीचं असतं. घर चालत दहा मिनिटांवर असलं तरी.

शिष्यवृत्तीत पदवीधरांना एक चटका बसतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकाच पातळीवरच्या दुसऱ्या कोर्सला मिळत नाही. बी.ए.ला घेतली असेल तर बी.एस्सी. नर्सिंगला मिळेल असं धरून चालू नका. अर्ज भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. शैक्षणिक कर्ज मिळतं, मात्र बँक कॉलेजची मान्यता बघते. तेवढ्यापुरती बँक तुमची मोफत तपासनीस.

कागदपत्रांत पदवीधरांची अडचण कुठे होते?

तीन ठिकाणी. पदवीच्या कॉलेजचा शाळा सोडल्याचा दाखला काढलेलाच नसतो. आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट मागवायला वेळ लागतो. आणि शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, लागतं. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ज्यांना लागू आहेत त्यांनी ती फेब्रुवारीतच हातात ठेवावीत. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहून प्रवेशाची फेरी हुकलेली माणसं दर वर्षी दिसतात.

अभ्यास नेमका कसा असतो?

पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादाचं इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. कला शाखेच्या मुलींना समाजशास्त्र-मानसशास्त्र हातचं वाटतं, अ‍ॅनाटॉमीला घाम फुटतो. पुढे जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र. मग मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि सामुदायिक आरोग्य. पुस्तकं इंग्रजीत, रुग्ण मराठीत, सिनिअरची ओरड दोन्हींत.

पण पुस्तकांनी कोणी कोर्स सोडत नाही. सोडायची वेळ येते ती पहिल्या काही आठवड्यांच्या वॉर्डात. सुरुवात बेड मेकिंगपासून होते. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे यावर मार्क असतात. मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, स्पंजिंग, तोंडाची निगा, बेडपॅन, पाठीला होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवणं. बँकेत पाच वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला एका शिफ्टमध्ये सलग सहा तास उभं राहायचं असतं. ड्युटीवरून हॉस्टेलला येऊन केअर प्लॅन आणि केस स्टडी लिहायच्या, जर्नल पूर्ण करायचं, उद्याच्या व्हायवाचं वाचायचं.

आधी नोकरी केलेल्यांना यात एक फायदा असतो, तो त्यांना स्वतःला दिसत नाही. त्यांनी चिडलेला ग्राहक पाहिलेला असतो, वरिष्ठांचं ऐकून घेतलेलं असतं, वेळेवर हजर राहायची सवय असते. नातेवाईक अंगावर धावून आला की अठरा वर्षांची मुलगी रडते, पंचवीस-तीसची शांतपणे इन-चार्ज सिस्टरला बोलावते. उलट, ‘आमच्या ऑफिसमध्ये असं नसायचं’ हे वाक्य तोंडात बसलेलं असेल तर ते गेटबाहेर ठेवून या. वॉर्डात तुमच्यापेक्षा वयाने लहान सिस्टर तुम्हाला शिकवणार आहे, आणि वॉर्डातल्या मावशींना काही बाबतींत तिच्यापेक्षाही जास्त कळतं.

बी.एस्सी.च्या आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते. तेव्हा तुम्ही जवळजवळ स्टाफसारखेच ड्युटी करता, नाईटसकट.

मुलगा आहे. पुरुषांना नर्सिंगमध्ये जागा आहे का?

आहे. बी.एस्सी. आणि जी.एन.एम. दोन्हींत पुरुष असतात, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. आयसीयू, ऑर्थो, कॅज्युअल्टी, मनोविकार विभागात त्यांना मागणी असते. मात्र काही संस्था फक्त मुलींना घेतात, आणि एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना, २० टक्के पुरुषांना अशी विभागणी आहे. सरकारी नोकरी हाच एकमेव उद्देश असेल तर ही टक्केवारी लक्षात ठेवा.

घरचे म्हणतात, ‘एवढं शिकून बेडपॅन उचलणार?’

हो, उचलणार. पहिल्या दिवसापासून ते मान्य असेल तरच या.

घरच्यांचा हा आक्षेप जुनाच आहे. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथून बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवू लागले, तेव्हाही पांढरपेशा घरांतून नाकं मुरडली गेली होती. परक्या पुरुषांची सेवा, सोवळंओवळं, रात्रपाळी, सगळे मुद्दे तेव्हाचेच. आता त्यात ‘डिग्री वाया गेली’ हा एक वाढला आहे. यावर वाद घालून उपयोग होत नाही. पगाराचे आणि वर्षांचे आकडे कागदावर मांडून दाखवले तर वडील मंडळी बरंच ऐकतात.

लहान मूल आहे. जमेल का?

घरात दुसरं मोठं माणूस असेल तर जमतं. एकटीवर सगळं असेल तर फार कठीण. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सकाळची ड्युटी आठच्या सुमारास सुरू होते, म्हणजे मुलाचा डबा आणि तुमचा डबा सहाला तयार हवा. नाईट बारा तासांचीही असते. कॉलेज निवडताना नावापेक्षा घरापासूनचं अंतर आणि हॉस्टेलची सक्ती आहे का हे आधी बघा. सासूबाईंशी किंवा आईशी चार वर्षांचं बोलणं स्पष्ट करून ठेवा, फक्त पहिल्या वर्षाचं नको.

पगार किती मिळतो?

दोन वेगळी जगं आहेत. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ वर लागतो, सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये, त्यावर भत्ते. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. बी.एस्सी. झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी हाही पर्याय आहे: सहा महिन्यांचं प्रशिक्षण, उपकेंद्रावर नेमणूक, पद कंत्राटी. त्यात २५,००० रुपये मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत मोबदला अशी रचना राहिली आहे.

खाजगीत चित्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली की दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयाने नर्सला सरकारी नर्सइतकं वेतन द्यावं, आणि पन्नासच्या आतल्या छोट्या रुग्णालयानेही वीस हजारांखाली जाऊ नये. कागद चांगला आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये त्याच्या बऱ्याच खाली राबणाऱ्या नोंदणीकृत नर्सेस आजही आहेत. मोठ्या शहरातल्या नामांकित रुग्णालयात सुरुवात बरी होते, पण खोलीभाडं त्यातलं बरंच खातं.

म्हणून आज आयटीत किंवा बँकेत चाळीस-पन्नास हजार घेणाऱ्याने पगारवाढीच्या आशेने इकडे येऊ नये. चार वर्षं शून्य उत्पन्न आणि नंतरची दोन-तीन वर्षं आजच्याहून कमी, एवढं सोसायची तयारी हवी. ज्यांचा आजचा पगार पंधरा हजारांवर अडकलेला आहे आणि वाढायची चिन्हं नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा येतो.

आणखी एक. नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रती घरी आणा.

आधीच्या पदवीचा पुढे काहीच उपयोग होणार नाही का?

प्रवेशाला नाही, पण नोकरीत होतो. मायक्रोबायोलॉजीवाली इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून लवकर पुढे जाते. कॉम्प्युटरवाल्याकडे हॉस्पिटलची संगणक प्रणाली आपोआप सोपवली जाते. मानसशास्त्रवालीला मनोविकार विभागात पाय रोवता येतात. कॉमर्सवाल्यांना विमा, टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्या), खरेदी यांची भाषा कळते, आणि नर्सिंगच्या व्यवस्थापनात ती फार थोड्यांना येते.

परदेशात जायचंय म्हणून नर्सिंग करू का?

एवढ्याच कारणासाठी नको, पण विचार नीट करा. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा असे टप्पे आहेत. अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा असते, आणि व्हिसाची वाट लांब. जर्मनीत इथली नोंदणीकृत नर्स भाषा शिकून आणि पात्रतेची मान्यता मिळवून काम करू शकते.

पदवीधरांना फारसं माहीत नसलेला एक रस्ता जर्मनीतच आहे. तिथे तीन वर्षांचं ‘आउसबिल्डुंग’ करून नर्स होता येतं, म्हणजे शिकणं आणि काम एकत्र, आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्या वर्षी महिना १,३०० युरोच्या वर. जर्मन भाषा बी-१ किंवा बी-२ पातळीपर्यंत यावी लागते, त्यात वर्ष सहज जातं. पैसे भरा, भाषा तिथे जाऊन शिकाल असं सांगणारा एजंट भेटला तर उठून निघा.

लग्न होऊन अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणींना वर सांगितलेला बारा-अठरा महिन्यांचा कोर्स खरोखर उपयोगी पडतो. आधी अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे काही विषय तिथल्या कम्युनिटी कॉलेजात पूर्ण करावे लागतात आणि भारतीय पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. एच-४, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर शिकता येतं, पण नोकरीला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फी भरण्याआधी थांबा.

आपल्याला हे झेपेल का, आधी कसं कळणार?

नात्यातलं कोणी दवाखान्यात असेल तर रात्रीचं बसायला स्वतःहून जा. चहा आणायला नव्हे. लघवीची पिशवी रिकामी करायला, उलटी पुसायला. सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डाबाहेर एक दुपार बसा. ओळखीच्या नर्सशी बोला, पण सुट्टीच्या दिवशी नको. नाईट उतरल्यावर बोला.

यातून असंही कळू शकतं की तुम्हाला हॉस्पिटल आवडतं, रुग्णाला हात लावायचं काम नाही. मग रस्ते दुसरे आहेत, आणि तिथे तुमची पदवी चालते: रुग्णालय व्यवस्थापन, वैद्यकीय समाजसेवकासाठी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). दोन वर्षांत काम होतं.

प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू होईपर्यंत काय करू?

हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. वॉर्डात सुया हाताळायला लागण्याआधी निदान दोन झालेले बरे. बोर्डाचं अकरावी-बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक आणा आणि मानवी शरीराची प्रकरणं वाचा. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या, नाडी मोजायला मोबाईल चालत नाही. बूट मात्र कॉलेजची यादी हातात आल्याशिवाय घेऊ नका. रंगावरून परत पाठवतात.